डोळा आधी गट पाडतो, मग वाचतो

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत कोणी नव्हतं, हे नशीब. दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्याने खाली आले, फलकावरची यादी बघितली आणि फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "किती लिटरचा पाठवू?" फोन टँकरवाल्याला लागला होता.

यादी मी केली होती. माझा धंदाच डीटीपीचा. पत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल लावून देतो, त्यामुळे सोसायटीतलं असलं प्रत्येक काम आपसूक माझ्या गळ्यात पडतं. यादीत एका ओळीत काम, खालच्या ओळीत नंबर, पुन्हा काम, पुन्हा नंबर. सगळ्या ओळींत अंतर सारखं आणि सगळं ठळक. टँकर, खाली त्याचा नंबर, मग लिफ्ट, खाली तिचा. काकांनी 'लिफ्ट' शोधलं आणि तिच्या डोक्यावरचा नंबर फिरवला. त्यांची काहीच चूक नाही. दोन्ही नंबर त्या शब्दापासून सारख्याच अंतरावर होते. त्यातला लिफ्टचा कुठला, हे मांडणीने सांगायला हवं होतं, आणि माझी मांडणी गप्प बसली होती.

नोटीस, यादी, पत्रिका, हिशोबाचा तक्ता, व्हॉट्सअॅपवरचा लांबलचक निरोप, असलं काहीही तुम्हाला करावं लागत असेल तर पुढच्या पायऱ्या करून बघा. सामान फार नाही: कॅरमच्या सोंगट्या, एक दोरा, कोरा कागद आणि कात्री. नुसतं वाचून सोडलंत तर पटेल, पण हातात येणार नाही.

आधी थोडं मागचं

१९१० साली मॅक्स वेर्टहायमर नावाचा मानसशास्त्रज्ञ व्हिएन्नाहून ऱ्हाइनच्या बाजूला सुट्टीवर निघाला होता. गाडीत त्याला काहीतरी सुचलं. तो मधेच फ्रँकफर्टला उतरला, चित्रं फिरवून हलल्याचा भास करून देणारं एक खेळणं विकत घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत प्रयोग करत बसला. १९१२ मध्ये त्याचा निबंध आला. त्यातला मुद्दा असा: दोन रेघा ठरावीक वेगाने आलटून पालटून दाखवल्या की माणसाला दोन रेघा दिसत नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. लग्नाच्या मांडवावर दिव्यांची 'पळणारी' माळ असते ना, तोच प्रकार. एकही दिवा जागचा हलत नाही. पळणं आपल्याकडून येतं.

त्या प्रयोगांत समोर बसून बघणारे दोघे, वोल्फगांग कोहलर आणि कुर्ट कोफ्का, पुढे त्याचे साथीदार झाले. या मंडळींच्या विचाराला जर्मनमध्ये गेस्टाल्ट म्हणतात; मराठी पुस्तकांत कुठे समष्टिवाद, कुठे व्यूह मानसशास्त्र असं सापडेल. १९२३ च्या निबंधात वेर्टहायमर म्हणतो, मी खिडकीत उभा आहे, समोर घर, झाडं, आकाश दिसतंय. हिशोबाने बोलायचं तर उजेडाच्या आणि रंगांच्या ३२७ छटा आहेत असं म्हणता येईल. पण मला ३२७ दिसतात का? नाही. मला आकाश, घर आणि झाडं दिसतात.

तुमच्या नोटिशीतही छटा आणि ठिपकेच असतात. वाचणाऱ्याला मात्र त्यातून 'घर' आणि 'झाड' दिसतं, आणि ते एक अक्षर वाचण्याच्या आधी दिसतं.

पायरी १: सोंगट्या मांडा

कॅरमच्या डब्यात ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ राणी असते. आधी फक्त ९ पांढऱ्या घ्या. तीन-तीनच्या तीन ओळी लावा, चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सोडा. एक चौकोन दिसेल. रांगा आडव्या म्हणाल तर आडव्या, उभ्या म्हणाल तर उभ्या.

आता एकही सोंगटी न उचलता वरची आणि खालची ओळ मधल्या ओळीकडे सरकवा, इतकी की वरखाली जेमतेम अर्धं बोट उरेल. चौकोन गेला, तीन उभे खांब उभे राहिले. तुम्ही ठरवलं म्हणून नव्हे. ठरवायला वेळच मिळाला नाही. हा समीपतेचा नियम: जे जवळ ते एकत्र. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे बोटांनी माहीत असतं. ठिपक्यांचा कागद जरा सरकला आणि दोन ओळींतलं अंतर कमी-जास्त झालं की रेघ जोडताना हात चुकतो, कारण डोळा भलत्याच दिशेला ओढतो.

आता ८ पांढऱ्या आणि ८ काळ्या घेऊन चार बाय चार मांडा. पहिली ओळ पांढरी, दुसरी काळी, तिसरी पांढरी, चौथी काळी. अंतर सगळीकडे सारखं ठेवा. आडव्या पट्ट्या दिसतात. अंतराने काहीच सांगितलं नाही म्हणून रंगाने सांगितलं. हा सारखेपणाचा नियम.

खरी गंमत पुढे. याच मांडणीत वरखालच्या सोंगट्या जवळ आणायला लागा आणि डाव्या-उजव्या लांब न्या. सावकाश करा. रंग म्हणतो आडवं बघ, अंतर म्हणतं उभं बघ. थोडा वेळ डोळा हेलकावे खातो आणि मग एका ठिकाणी खांब जिंकतात. ती जागा नीट पाहून ठेवा. वरखाली अर्धं बोट आणि आजूबाजूला दोन बोटं झाली की माझ्या डोळ्यांपुरता तरी रंग हरतो. मांडणी करणाऱ्या माणसाने हा क्षण एकदा तरी पाहावा. मथळे लाल आणि नंबर निळे केले तरी अंतर चुकलं असेल तर यादी चुकतेच, ते का, हे इथे कळतं.

शेवटी दोऱ्याचं कडं करून कुठल्याही चार सोंगट्यांभोवती टाका. त्यात पांढऱ्या, काळ्या, जवळच्या, लांबच्या काय वाटेल त्या येऊ देत. कड्याच्या आतल्या झटक्यात एक कुटुंब होतात. समान प्रदेशाचा हा नियम स्टीफन पामरने १९९२ मध्ये मांडला, म्हणजे वेर्टहायमरनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. दोन लांबच्या सोंगट्यांना टेकेल अशी पेन्सिल मध्ये ठेवलीत तर जोडही तितकीच घट्ट दिसते.

चौकट आणि रेघ इतकी जोरकस, म्हणूनच ती शेवटी वापरायची. नवशिक्याचं पान ओळखायची माझी खूण एकच: त्यावर चौकटी किती आहेत. अंतर जमलं नाही की माणूस चौकट काढतो, मग चौकटीभोवती दुसरी, मग कोपऱ्यात फुलं.

पायरी २: अंतराचं गणित बसवा

गटाच्या आत जेवढं अंतर, त्याच्या निदान दुप्पट गटाच्या बाहेर. एवढं एक जरी पाळलं तरी निम्मी पानं सुधारतात.

सगळ्यात जास्त चूक मथळ्यांत होते. मथळा दोन परिच्छेदांच्या बरोबर मधोमध ठेवला तर तो वरच्याचा की खालच्याचा ते कळत नाही. वर १२ पॉइंट जागा सोडली तर खाली ४ किंवा ५ पुरे. एंटर मारून जागा सोडू नका, त्यात वर-खाली सारखंच अंतर पडतं. वर्डमध्ये परिच्छेदाच्या आधीची आणि नंतरची जागा वेगवेगळी भरता येते, ती भरा. व्हॉट्सअॅपवर तेवढी सोय नाही. तिथे एका विषयाच्या ओळी सलग लिहा आणि विषय बदलला की एक ओळ रिकामी सोडा. दर ओळीनंतर रिकामी ओळ सोडणारे लोक आहेत. त्यांचा निरोप म्हणजे पहिल्या मांडणीतल्या ९ पांढऱ्या सोंगट्या.

आकड्यांनाही हेच लागू. १२५००००० बघा आणि १,२५,००,००० बघा. पहिल्यात शून्यं बोटाने मोजावी लागतात. मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांत तोडा. आधारचे १२ आकडे कार्डावर चार-चार करून छापलेले असतात, ते याचसाठी.

पायरी ३: शिरोरेषेला हात लावू नका

ही पायरी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, कारण त्यांना ही अडचणच नाही. रोमन लिपीत शब्द नुसत्या जवळिकीने बनतो. देवनागरीत अक्षरं जवळ असतातच, शिवाय वरून रेघेने बांधलेली असतात; सोंगट्यांना टेकलेली पेन्सिल आठवा. शिरोरेषा जिथे तुटते तिथे शब्द संपतो. आपला डोळा या तुटीवर इतका विसंबलेला असतो की आपल्याला ते कळतही नाही.

मोडीत ही सोय नव्हती. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि अक्षरं तिला लटकवत जायचा. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. त्यामुळे मोडी शिकताना अक्षरं महिनाभरात ओळखू येतात, पण शब्द कुठे तोडायचा यावर पुढे बरेच दिवस डोकं खाजवावं लागतं.

आता आजची चूक. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायचं ही रोमनमधली युक्ती आपल्याकडे सर्रास वापरतात. देवनागरीत तसं केलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शिरोरेषा तुटते आणि 'सत्यनारायण' या एका शब्दाची सहा सुटी अक्षरं भिंतीवर टांगल्यासारखी दिसतात. मथळा भारदस्त हवा असेल तर टाइप मोठा करा, ठळक करा, आजूबाजूला मोकळी जागा सोडा. अक्षरांमधल्या अंतराला हात लावू नका.

हस्तलिखित फलक असेल तर 'ख' जपून. र आणि व सुटे पडले की 'खाना'चं 'रवाना' होतं. प्रमाण छपाईच्या 'ख'मध्ये र-चा पाय व-ला खालून जोडलेला असतो. तेवढ्या जोडाने दोन आकारांचं एक अक्षर होतं.

पायरी ४: न काढलेली रेघ वापरा

कागदावर वाटी उलटी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा, अशा तीन सारख्या चकत्या कापा आणि काळ्या रंगवा. प्रत्येकीतून पोळीचा सहावा हिस्सा कापावा तसा तुकडा काढून टाका. आता तिन्ही चकत्या पांढऱ्या कागदावर त्रिकोणाच्या टोकांना ठेवा, उघडी तोंडं आत, एकमेकींकडे. मध्ये पांढरा त्रिकोण दिसतो. त्याच्या कडा स्पष्ट असतात आणि तो कागदापेक्षा किंचित उजळही वाटतो. एका चकतीवर हात ठेवून झाका. त्रिकोण विझतो. कागदावर तो कधीच नव्हता. गाएतानो कनिझ्झा या इटालियन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हे चित्र मांडलं, आणि मी दर वेळी पुन्हा फसतो.

डोळ्याला अपुरं आवडत नाही. तीन तोंड फाटलेल्या चकत्या आणि त्यांचा योगायोग, यापेक्षा तीन पूर्ण चकत्या आणि वर ठेवलेला एक त्रिकोण ही गोष्ट त्याला सोपी पडते. वारली चित्रातला माणूस बघा. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, चार रेघा, एवढ्यावर तो तारपा वाजवतो, नाचतो, भात लावतो. नाक-डोळे कोणी मागत नाही.

कामाचं एवढंच: ओळींची डावी कड एका रेषेत ठेवलीत तर तिथे रेघ न काढताही रेघ दिसते. तक्त्यातल्या उभ्या रेघा काढून टाका आणि रकाने नीट एकाखाली एक लावा, तक्ता मोडत नाही. उलट हलका होतो. एक ओळ मध्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे अशी पत्रिका असते तिथे डोळ्याला धरायला कडच मिळत नाही.

पायरी ५: एकच राणी

पुन्हा सोंगट्या. पांढऱ्या-काळ्यांच्या गर्दीत कुठेही लाल राणी ठेवा. नजर तिथेच जाते. कोहलरच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेतल्या हेडविग फॉन रेस्टॉर्फने १९३३ मध्ये दाखवून दिलं की सारख्यांच्या रांगेतली वेगळी गोष्ट लक्षातही जास्त राहते. आता आणखी तीन कॅरममधल्या राण्या आणल्यासारखं समजून तीन सोंगट्यांवर लाल कागद ठेवा. चार राण्या झाल्या की राणी कोणीच नसते, लाल सोंगट्यांचा एक गट होतो.

नोटिशीत ठळक काय करायचं हा प्रश्न इथे सुटतो. फक्त एक गोष्ट, आणि तीही वाचणाऱ्याची, तुमची नव्हे. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' हे ठळक असतं आणि पाणी कधी बंद ते बारीक, हे मी अर्ध्या महाराष्ट्रात पाहिलंय.

पायरी ६: मागचं पुढे येऊ देऊ नका

डेन्मार्कच्या एडगर रुबिनचं १९१५ चं चित्र तुम्ही पाहिलेलं असेल: फुलदाणी म्हणावी तर फुलदाणी, समोरासमोर दोन चेहरे म्हणावेत तर चेहरे. दोन्ही एकदम दिसत नाहीत, कारण एका वेळी एकच बाजू आकृती होते आणि दुसरी तिची पार्श्वभूमी. नोटिशीत असला खेळ नको. चौकातल्या फ्लेक्सवर कमळं, किल्ला, मावळता सूर्य आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. तिथे आकृती व्हायला सगळेच धडपडतात. फोटोवर मजकूर टाकायचाच असेल तर आकाशासारखा सपाट भाग शोधा, नसेल तर मजकूर फोटोखाली घ्या.

पायरी ७: नको असलेले गट शोधा

आपण केले नाहीत असेही गट पानावर तयार होतात. आमच्या फलकावर एकदा 'दुःखद निधन' आणि दहावीच्या मुलीचं 'हार्दिक अभिनंदन' एकाच मापाच्या कागदांवर, एकमेकांना चिकटून लागलं होतं. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मग एकदम सगळ्यांच्याच आलं.

आकाशातसुद्धा हेच. सप्तर्षी हा एक गट म्हणून आपण पाहतो. खेडोपाडी त्यातल्या चार ताऱ्यांना खाट म्हणतात आणि उरलेले तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. आता त्यातले मधले पाच खरोखरच सोबती आहेत, साधारण ८० प्रकाशवर्षांवर आणि अवकाशात एकाच दिशेने चाललेले. पण दोन टोकांचे क्रतू आणि मरीची त्यांच्या बरेच मागे आहेत आणि त्यांची चालही वेगळी आहे. डोळ्याने सात जणांना एकत्र बांधलं ते फक्त इथून जवळजवळ दिसतात म्हणून. हालचाल डोळ्याला दिसली असती तर त्याने कदाचित पाचच बांधले असते, कारण एकत्र हलणाऱ्या गोष्टी तो पटकन एक धरतो. पाचोळ्यात बसलेला नाकतोडा हलेपर्यंत दिसत नाही आणि हलला की अख्खा दिसतो, तो त्यामुळेच.

तपासायची पद्धत अशी. कागद भिंतीला लावा, तीन पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा, इतके की अक्षरं वाचता येऊ नयेत. फोनवर फोटो काढून तो बोटाएवढा लहान करून पाहिला तरी चालतं. आता नुसते करडे ढग दिसतील. ते मोजा. तुमच्या मजकुरात पाच गोष्टी असतील तर ढग पाच हवेत. तीन दिसले तर काही गट चिकटलेत, नऊ दिसले तर काही फुटलेत. मग दुसऱ्याला दाखवा, पण 'कसं वाटतंय' विचारू नका, सगळे छान म्हणतात. 'लिफ्टचा नंबर दाखव' म्हणा आणि त्याचं बोट कुठे जातं ते बघा.

हे कागदापुरतं नाही. आमच्या दिवाणखान्यातल्या बोर्डावर एकाच तऱ्हेची सहा बटणं एका ओळीत होती. पंखा लावायला गेलं की ट्यूब लागायची. बायकोने पंख्यांच्या दोन बटणांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. सारखेपणाचा नियम, खर्च शून्य.

यादीचं काय झालं

आता काम आणि नंबर एकाच ओळीत आहेत. दोन्हीच्या मध्ये जागा फार पडत होती, तिथे टिंबांची बारीक रेघ घातली. नजर तिच्यावरून घसरत नंबरापर्यंत जाते. रोज लागणारे, म्हणजे प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि टँकर, एका गटात. लिफ्ट, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दुसऱ्या गटात. दोन्हीमध्ये ओळींतल्या अंतराच्या तिप्पट जागा. चौकट एकही नाही. ठळक फक्त अग्निशमनचा १०१. समितीतल्या एका सभासदांनी यादी 'मोकळी मोकळी वाटते' म्हणून कडेला नक्षी सुचवली, ती मी विसरलो.

त्यानंतर लिफ्ट दोनदा अडकली. दोन्ही वेळा लिफ्टवालाच आला. एकदा दीड तासाने आला, पण तो मांडणीचा दोष नाही.